ट्रीमॅपमध्ये थकबाकी रंगाने दाखवायची आहे, मदत हवी

मंडळी, आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी कर्जवाटपाचं चित्र करतोय: तालुका, त्याखाली शाखा, शाखेखाली कर्जाचा प्रकार. पाय चार्टची पार खिचडी झाली, म्हणून एक्सेल २०१६ मधला ट्रीमॅप (मोठ्या चौकोनात छोटे चौकोन मांडणारा चार्ट) घेतला. क्षेत्रफळ म्हणजे रक्कम, हे झकास जमलं. निपाणीत सोनेतारण केवढं, लगेच दिसतं. पण रंग आपोआप फक्त तालुक्यानुसार मिळतो. मला थकबाकी जास्त तिथं लाल हवाय.

गूगल शीट्समध्ये रंगासाठी चौथा कॉलम देता येतो, पण तिथं प्रत्येक नाव एकदाच चालतं, आणि सोनेतारण तर सगळ्याच शाखांत! ‘खानापूर-सोनेतारण’ असं लिहिलं की बारक्या चौकोनात अक्षरं मावत नाहीत. कुणी यावर तोड काढलीय का? सभासदांत कन्नड वाचणारेही आहेत, लेबलं जितकी कमी तितकं बरं.