मदत हवी आहे: जांभळाने साखर खरंच उतरते का?

मंडळी, प्रश्न बाबांचा आहे, विचारतेय मी.

बाबा 68 वर्षांचे, बारा वर्षांपासून टाइप 2 मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. घर पालघरला, म्हणजे बहाडोलीची जांभळं अगदी दारात. सीझनमध्ये टोपलीवाल्या मावशींकडून रोज दोन द्रोण येतात. बाबा मीठ लावून खातात, जांभळी जीभ नातवाला दाखवतात आणि बिया गच्चीवर वाळत घालतात.

परवा त्यांनी घरीच प्रयोग केला. सोमवारी दोन पोळ्या आणि दुधीची भाजी, दोन तासांनी साखर 182. मंगळवारी तेच जेवण अधिक मोजून पंधरा जांभळं, तर 168. झालं! आता म्हणतात, संध्याकाळची गोळी बंद, रस आणि बियांची पूड पुरे.

मी थोडंफार वाचलं. तो गडद रंग अँथोसायनिनचा, इतपत कळलं. 2010 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात 32 लठ्ठ लोकांपैकी साधारण निम्म्यांना 6 आठवडे रोज दोनदा ब्लूबेरीची पूड घातलेली स्मूदी दिली, बाकीच्यांना ब्लूबेरीविना, तर ब्लूबेरीवाल्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागलं. पण त्यात मधुमेही कोणी नव्हतं, आणि ब्लूबेरी म्हणजे काही जांभूळ नव्हे. हा रंग पोटात जाऊन नेमकं करतो काय? रसाला तोच गुण येतो का? आणि बियांची पूड या गोळ्यांबरोबर चालते का? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, तोवर बाबांपुढे टिकेल असं काहीतरी हवंय.

प्रतिसाद 1

जीवरसायन शिकवतो म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे गोळी बंद करू देऊ नका. 182 आणि 168 मधला फरक यंत्राच्या चुकीतच बसतो. घरगुती ग्लुकोमीटरला 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे माफ असतं. एकाच बोटाचं रक्त लागोपाठ दोनदा तपासून बघा.

अँथोसायनिन जसंच्या तसं रक्तात फार थोडं जातं. बरंचसं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते फोडून छोटी फिनॉलिक आम्लं बनवतात, आणि अंगात फिरतात ती मुख्यतः हीच. 2013 मध्ये 8 पुरुषांना माग काढता यावा म्हणून कार्बन-13 ची (जरा जड कार्बनची) खूण केलेलं अँथोसायनिन दिलं होतं, त्याचे तुकडे 48 तासांनीही सापडत होते. जिवाणू प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे गुणही सगळ्यांना सारखा येत नाही.

जेवणासोबत थोडा तात्काळ परिणाम होऊ शकतो. फिनलंडमध्ये बेरींचा गर साखरेबरोबर देऊन पाहिला, तेव्हा सुरुवातीची उसळी जरा बोथट झाली. बोथट झाली, साखर गायब नाही झाली! रसात मात्र चोथा जातो आणि साखर झरकन चढते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत अख्खी ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका कमी दिसला, फळांचे रस पिणाऱ्यांना जास्त.

प्रतिसाद 2

पुडीबद्दल. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जेवण चुकलं की साखर खाली कोसळू शकते. त्यात घरच्या पुडीचा डोस कोण मोजणार? डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. आणि हो, जांभळाच्या पानांचा चहा ब्राझीलमध्ये रुग्णांवर नीट तपासला होता, साखरेत काडीचा फरक पडला नाही. म्हणून बी कुचकामी ठरत नाही, पण नुसत्या 'जांभूळ आहे ना' वर भिस्त ठेवू नका.

धागाकर्ती

आभार! आत्ताच तपासलं. एकच बोट, दोन मिनिटांच्या अंतराने 174 आणि 161, तेही जांभळाविना. गोळी चालू आहे. बाबा म्हणतात, यंत्र बदलून आणू.