"डॉक्टरांवर तपासणीवाले सोडू नका" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

साळुंकी (नौपाडा)

परवा इथेच एकांनी लिहिलं की फॅमिली डॉक्टर आधीच संपत चाललेत, त्यात छोट्या दवाखान्यांची तपासणी सुरू केली तर कोपऱ्यावरचा डॉक्टर शटर ओढून घरी बसेल, जे विश्वासावर चाललंय ते विश्वासावरच चालू द्या. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला कंबरेत इंजेक्शन दिलं, आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात, जिथे आम्ही वीस वर्षं जात होतो. आठ दिवसांत तिथे लिंबाएवढं गळू. सर्जनकडे नेऊन चिरून पू काढावा लागला, आणि तिला डायबेटिस, त्यामुळे महिनाभर रोज ड्रेसिंग आणि रोज तिचं ते दात आवळून पडून राहणं. सर्जनने विचारलं, औषध कुठल्या बाटलीतून भरलं ते पाहिलंत का. पाहिलं होतं ना. डायक्लोची, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या औषधाची, मोठी बाटली टेबलावर, तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली, कंपाउंडर दर पेशंटला नवीन सिरिंज फोडायचा आणि त्या खोचलेल्या सुईला लावून औषध ओढायचा. सिरिंज नवीन फोडतोय म्हणून मी निर्धास्त. ती सुई तशी ठेवली की बाटलीत जंतूंना दिवसभर वाट मोकळी राहते, हे मला सर्जनने सांगितलं तेव्हा कळलं. आता सांगा, मी विश्वास ठेवला त्याचं काय झालं?

मग चौकशी केली की हे तपासतं कोण. नर्सिंग होमचा कायदा १९४९चा, त्यात रजिस्ट्रेशन दर तीन वर्षांनी, पण ते पेशंट दाखल करून घेणाऱ्यांना. नुसती ओपीडी असलेला दवाखाना त्यात बसत नाही. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेलाच नाही. मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं रजिस्ट्रेशन बघतं, खोली नाही. महापालिकेची बोगस डॉक्टर शोधणारी समिती डिग्री बघते, बुचातली सुई नाही.

माझी बहीण इंग्लंडमधे लेस्टरला असते. तिथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दारावर सीक्यूसीचं, म्हणजे दवाखाने-हॉस्पिटलं तपासणाऱ्या तिथल्या संस्थेचं, रेटिंग लावावंच लागतं, चार पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची आउटस्टँडिंग आणि सगळ्यात खालची इनअॅडिक्वेट. तिच्या डॉक्टरला मधे "सुधारणा हवी" मिळालं होतं कारण लसींच्या फ्रिजचं तापमान रोज लिहिलेलं नव्हतं. ती काही डॉक्टर सोडून गेली नाही, पण तिला कळलं तरी. मला एवढंच हवंय. कोणीतरी येऊन सुई बघावी, फ्रिज बघावा, कचरा बघावा, आणि काय दिसलं ते दारावर लावावं.

एक जीपी (वर्तकनगर)

ताई, तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं. ती बुचातली सुई चूक, शंभर टक्के चूक, त्यावर वाद नाही. पण त्यावरून तुम्ही जे मागताय त्याचं पुढे काय होतं ते मी घरात बघतो. माझी बायको गायनॅक, सोनोग्राफी मशीन आहे. पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात, दर ९० दिवसांनी तपासणी. कायदा १९९४चा, हेतू चांगला, मुली वाचायलाच हव्यात. पण येणारा माणूस एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कागद, बघतो, एखादा रकाना रिकामा राहिला की मशीन सील व्हायची भीती. दोन वर्षांत एकानेही तिचं ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) उघडून बघितलेलं नाही. त्याशिवाय फायरचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारीत आणि जुलैत, कचऱ्यासाठी एमपीसीबी (राज्याचं प्रदूषण मंडळ), एक्स-रे असला तर एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ). हे सगळं सांभाळायला एक माणूस पगारावर ठेवलाय, आणि तो पगार शेवटी पेशंटच्या बिलातच जातो.

आणि इंग्लंडचं कौतुक करताना पुढचंही सांगा. जुलै २०२४ला तिथल्या आरोग्यमंत्र्यानेच सीक्यूसी कामाची राहिली नाही असं जाहीर म्हटलं. चौकशीत निघालं की काही हॉस्पिटलं दहा-दहा वर्षं तपासलीच नव्हती, आणि पाचातल्या एका सेवेला रेटिंगच मिळालेलं नव्हतं. मग दारावरच्या कागदाला अर्थ काय उरला?

साळुंकी

म्हणजे तपासणी नीट झाली नाही म्हणून तिथे मंत्री ओरडला. तपासणीच नको असं कुठे म्हणाला तो? आपल्याकडे ओरडायला तरी काय आहे.

नाखवा (चेंदणी)

तुमचं फ्रिज नि रेटिंग चालू द्या, मी कचऱ्याचं बोलतो. माझी वहिनी कंत्राटावर सुका कचरा निवडायला आहे. गेल्या पावसाळ्यात हाताला सुई गेली, ग्लोव्हजमधून आरपार. पिशवी साधी काळी, आत इंजेक्शनच्या सिरिंजा, कापूस, वरून भाजीची देठं. सरकारी हॉस्पिटलात एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवस गोळ्या चालू केल्या, त्या गोळ्यांनी तिला उभं राहवत नव्हतं, कामाचे खाडे पडले ते वेगळेच. मग एचआयव्ही, कावीळ, टेस्टवर टेस्ट, प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. निगेटिव्ह आले, देवाची कृपा.

दवाखान्यांच्या कचऱ्याचा २०१६चा नियम आहे ना, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज नि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत, काच निळ्यात, आणि ४८ तासांच्या वर ठेवायचं नाही. बिनखाटांच्या दवाखान्यालापण लागू आहे तो. मग ती काळी पिशवी कुठून आली? डॉक्टरसाहेब, हा कचरा न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याची महिन्याची फी वाचवायला ती कोणीतरी टाकली. त्या कोणीतरीच्या भिंतीवर डिग्री असणारच.

एक जीपी

नाखवा, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे गाडी येते, पिशवीला बारकोड लागतो, पण शेजारच्याकडे येते का हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

ऐरोलीकर

मूळ मुद्दा सगळे टाळताय. सुई, फ्रिज नंतर. आधी आत बसलाय तो कोण? आमच्या सेक्टरमधे सहा दवाखाने, त्यातले चार होमिओपॅथ, चौघंही अँटिबायोटिक देतात. तेही पाकिटातून नाही, कागदाच्या पुड्यांमधून. सकाळ-दुपार-संध्याकाळ, तीन रंगाच्या गोळ्या, नाव नाही, एक्स्पायरी नाही. माझ्या मुलाला अंगभर पुरळ उठलं, दुसऱ्या डॉक्टरने विचारलं काय खाल्लं, मी काय सांगू, "पिवळी अर्धी आणि पांढरी एक"? १९९६ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच केसमधे सांगितलंय, होमिओपॅथने अॅलोपॅथी दिली आणि पेशंट दगावला तर तो निष्काळजीपणाच. संपला विषय.

तुळस (किसननगर)

संपला कसा? १९९६वर थांबू नका. २०१४ला महाराष्ट्राने कायदा बदललाय, सीसीएमपी, म्हणजे अॅलोपॅथी औषधांचा एक वर्षाचा कोर्स, केलेल्या होमिओपॅथला अॅलोपॅथी लिहिता येते. माझ्या मिस्टरांनी दिवसा दवाखाना बघून तो कोर्स केलाय. एप्रिल २०२०मधे आमच्या भागात किती एमबीबीएस दवाखाने उघडे होते ते सांगा आधी. आमचं शटर एक दिवस बंद नव्हतं. एका खोलीत आठ माणसं राहतात इथे, ताप आला की जाणार कुठे? मिस्टर स्वतः पॉझिटिव्ह झाले, नऊ दिवस ऑक्सिजनवर होते, मी दोन पोरांना घेऊन दाराबाहेर. तेव्हा "आत बसलाय तो कोण" असं एकानेही विचारलं नाही, सगळे डॉक्टरच म्हणत होते.

ऐरोलीकर

कोविडमधलं काम मान्य. पण धाडस म्हणजे फार्माकॉलॉजी नाही. साडेपाच वर्षं ज्यांनी घासली त्यांच्याशी एका वर्षाची बरोबरी? सप्टेंबर २०२५ला आयएमएने, म्हणजे अॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने, सीसीएमपीवाल्यांच्या मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून एक दिवस बंद ठेवला तो उगीच नाही.

तुळस

त्या बंदच्या दिवशी आमच्याकडे रात्री अकरापर्यंत रांग होती. आणि साडेपाच वर्षं आम्हीपण काढतो, बीएचएमएस, होमिओपॅथीची डिग्री, काय पोस्टाने मिळते का? अॅनॅटॉमी तीच, फिजिऑलॉजी तीच. तुमच्या सेक्टरमधे साठ-सत्तर रुपयांत बसायला एमबीबीएस तयार आहे का एक तरी? पीजी करून सगळे हायवेला लागून मोठ्या हॉस्पिटलात. मग गरिबाने काय करायचं, घोडबंदरला जायचं तापाला?

मध्यमा (कोपरखैरणे)

कोणी आगीबद्दल बोलणार आहे का? २८ एप्रिल २०२१ला मुंब्र्यात हॉस्पिटलला आग लागून चार पेशंट गेले. आमच्या बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम आहे, जिन्यात ऑक्सिजनचे सिलिंडर उभे. सोसायटीत विचारलं तर मलाच म्हणाले तुम्हाला काय करायचंय.

ऐरोलीकर

मध्यमा, फायर वेगळा धागा काढा. तुळसताई, स्वस्त आहे म्हणून चालवून घ्यायचं हे मला पटत नाही. गरिबाचं लिव्हर काय स्वस्त असतं का?

तुळस

तोंड सांभाळून. माझ्या नवऱ्याने कोणाचं लिव्हर खराब केलं नाही.

साळुंकी

दोघंही थांबा. ज्याने आईला इंजेक्शन दिलं तो एमबीबीएस होता. भिंतीवर फ्रेम होती, मेडिकल कौन्सिलचा नंबर होता, सगळं कायदेशीर. २००९ला गुजरातमधे मोडासाला हिपॅटायटिस बीची साथ आली, सिरिंजा परत वापरल्यामुळे, माणसं गेली, तिथेही डिग्रीवाले डॉक्टर होते. डिग्री सुईला लागत नाही. म्हणून म्हणतेय, खोली तपासा, मग आत कोणीही बसो.

एक जीपी

डिग्री महत्त्वाचीच आहे, तिथे मी ऐरोलीकरांच्या बाजूने. पण हे बोलणं मला लागलं. आम्हाला रजिस्ट्रेशन टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यासाठी मी बसलेल्या लेक्चरांमधे नवीन डायबेटिसच्या गोळ्यांवर किती होती ते मोजता येणार नाही. कंपाउंडरने बाटली कशी हाताळायची यावर एकही आठवत नाही. आज दुपारी स्वतःच्या दवाखान्यात बघितलं. सुई बुचात नव्हती. पण फ्रिजमधे टीटीच्या (धनुर्वाताच्या लसीच्या) शेजारी कंपाउंडरचा जेवणाचा डबा होता आणि थर्मामीटर नाही, म्हणजे दोन ते आठ डिग्री आहे की नाही हे मी इतकी वर्षं अंदाजाने चालवतोय. थर्मामीटर मागवलाय, डबा बाहेर काढलाय. पण महापालिकेचा माणूस आला तर तो फ्रिज उघडेल की वही मागेल, हा माझा प्रश्न तसाच आहे. तपासायला डॉक्टर किंवा नर्स पाठवा, क्लार्क नको. असं असेल तर दारावर कागद लावायला मी तयार आहे. इतरांचं मला माहीत नाही.

नाखवा

आणि पांढरा डबा बघायला वहिनीला पाठवा. तिला एका नजरेत कळेल.

तुळस

मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. पुड्यांचं म्हणाले बरोबर आहे. परवडावं म्हणून सुट्या गोळ्या देतो, पण आता प्रत्येक पुडीवर नाव लिहून देणार, कंपाउंडरकडून शिक्के करून घेतोय. ऐरोलीकर, तुमच्या मुलाचं ऐकून त्यांनाही वाईट वाटलं. लिव्हरचं तेवढं मागे घ्या.

ऐरोलीकर

लिव्हरचं मागे घेतो, तुमच्या घरावर बोलायला नको होतं. डिग्रीचं नाही घेणार.

साळुंकी

वर्तकनगरवाले डॉक्टर, तुमच्याकडे आईला आणू का दाखवायला? ती अजून कुठल्याही दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला तयार होत नाही.

एक जीपी

आणा. बाटली तिच्यासमोर फोडू.