वाटेत अडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणं: कर्तव्य की मर्जी?

आर्णीकर:
मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा दुपारी कोणी पंक्चर गाडी ढकलत जाताना दिसला, तर थांबणं हे कर्तव्यच, असं माझं ठाम मत. अपघात झाला तर १०८ ला फोन लावता येतो. पंक्चरसाठी, संपलेल्या पेट्रोलसाठी, फाट्यावर चुकलेल्या शेवटच्या एसटीसाठी तसं काही नाही. तिथे असतो तो फक्त मागून येणारा माणूस. म्हणून अडचण किरकोळ असली, तरी जबाबदारी त्याच्यावरच येते.

कास्तकार:
चांगुलपणा म्हणा, कर्तव्य नाही. व्यापाऱ्याला कापूस देऊन खिशात रोकड घेऊन येणाऱ्यानं तिन्हीसांजेला पांदण रस्त्यावर काऊन थांबावं? २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, पण ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर बालंट येऊ नये, एवढ्यासाठीच. गाडीवर बसवून नेताना दोघंही पडले तर निस्तरायचं कोणी? न थांबणाऱ्याला तुम्ही थेट गुन्हेगार ठरवून रायले बाप्पा.

ब्रह्मपुरीची शिक्षिका:
मी एकटी असले तर अंधारात थांबत नाही, थांबणारही नाही. आमच्याकडे त्या वेळी वाघाचंही भ्या असते. पण पुढच्या गावातल्या पानठेल्यावर गाडी थांबवून सांगते, ‘नाल्याजवळ एक म्हातारे बाबा अडकले आहेत, कोणी जा.’ एवढंही न करता घरी जाऊन जेवायला बसणं मला चूकच वाटतं.

कास्तकार:
ताई, हे पटलं. पण पानठेल्यावरून उठून जाणार कोण? तिथंही शेवटी कोणाची तरी मर्जीच ना?

आर्णीकर:
मर्जी नाही दादा. शेंडगावच्या गाडगेबाबांनी तहानलेल्याला पाणी द्या म्हटलं, तेव्हा तो कोणत्या गावचा हे विचारायला सांगितलं नाही. रोकड असेल तर थांबू नका, हे मीही म्हणतो. पण भर दुपारी, वाहत्या रस्त्यावर, काही घाई नसताना? पाय लावून गाडी पंपापर्यंत न्यायला जातात किती, पंधरा मिनिटं. तेवढी त्या माणसाची हक्काची आहेत.

कास्तकार:
दिवसा मी थांबतोच, पाण्याची बाटलीही देतो. पण माझा शेजारी थांबला नाही, तर त्याला बोल लावायला मी जाणार नाही. त्याच्या घरी काय वाट पाहून रायलं, मले काय माहीत?