‘इश’ नव्हे, ‘इख’ही नव्हे: जर्मन देवनागरीत लिहावं का?

खडीसाखर: ‘जर्मनची रोजची २० वाक्यं, देवनागरीत’ हा तक्ता सगळीकडे फिरतोय. ‘इश बिन’ (मी आहे), ‘गुटेन टाग’ (नमस्कार), ‘चूस’ (निरोप घेताना). तिन्ही चुकीचे! ‘मी’साठीच्या शब्दात श नाहीच. जिभेचं टोक खालच्या दातांमागे, मधली जीभ ‘ई’च्या जागी, आणि घशातून नाद न काढता नुसता श्वास सोडायचा. ‘पुस्तक’ म्हणजे ‘बूख’, त्यात मात्र घशातला खरखरीत ख, कारण आधी ऊ आहे. ‘टाग’च्या शेवटी क येतो, शब्दाच्या टोकाला ब, ड, ग टिकत नाहीत, प, ट, क होतात. देवनागरीचा नाद सोडा, ऐकून शिका.

उभादांडा: मग ‘टाक’ लिहा की! लिपीचा काय दोष? आगगाडीला जर्मन शब्द आहे ‘चूक’. ‘माझी चूक झाली’ मधला च, दीर्घ ऊ, शेवटी क. मराठी माणूस पहिल्या फटक्यात बरोबर म्हणतो.

खडीसाखर: आणि दहाला? ‘चेन’ लिहिलंत की गळ्यातली साखळी झाली. आपला दंत्य, म्हणजे ‘चूक’मधला, च ए-ईपुढे टिकत नाही. चमचा, पण चमचे.

उभादांडा: ‘त्सेन’ लिहा. मत्सर वाचता येतो ना?

दुपारपाळी: निरोपाच्या ‘चूस’चं उलटं आहे. तिथे तालव्य, म्हणजे ‘चमचे’च्या शेवटचा, च हवा आणि आपण ‘चूक’सारखा वाचतो. ‘च्युस’ जवळचं, उकार ऱ्हस्व. ओठ शीळ घालताना असतात तसे, जीभ ‘इ’वर. मूळ दुखणं आपलंच आहे: चार पेंढ्या चारा, पाण्याचा जग आणि हे जग. दोन उच्चार, खूण एकही नाही. नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, सुचवला की लोक अंगावर येतात.

उभादांडा: येणारच! मराठी वाचकाला संदर्भाने कळतं. उगाच टिंबं कशाला?

दुपारपाळी: शब्द आधीच माहीत असतो म्हणून कळतं. जर्मन शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्याला कसला संदर्भ? मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाचे हाल तर विचारूच नका. जरा त्याच्या जागी बसून वाचा!

उभादांडा: बरं, परक्या शब्दांपुरता नुक्ता चालेल. मराठीत घुसवू नका, एवढंच.

खडीसाखर: तक्ता ठेवायचाच असेल तर ‘माफ करा’ची ओळ आधी दुरुस्त करा. ‘एन्टशुल्डिगुंग’ मध्ये जोर ‘शुल’वर. शेवटचा ग म्हणायचा नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवून ‘ङ्’वरच थांबायचं.