मदत हवी आहे : आईस हॉकीचा खर्च कसा आवरायचा? (मुलगी सातवीत, सांगली)

विश्रामबागची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगी सातवीत आहे, लहानपणापासून इनलाइन स्केटिंग करते आणि आता रोलर हॉकी खेळते, चांगली खेळते असं तिचे सरही म्हणतात. आता सरांनी विचारलंय की थंडीत बर्फावरच्या कॅम्पला पाठवता का, डेहराडून नाहीतर लेह, अजून पक्कं नाही. 2025 ला आपल्या मुलींच्या टीमनं यूएईत आशिया कपला ब्राँझ घेतलं, त्यात बहुतेक मुली लडाखच्या, ते व्हिडिओ बघून हिच्या डोक्यात तेव्हापासून हेच आहे, त्यामुळं सरांनी नुसतं नाव काढलं आणि पोरगी घरात नाचायला लागली.

पण सामानाची यादी बघून आम्ही दोघंही गप्प झालो. आईस स्केट्स, जाळीचं हेल्मेट, नेक गार्ड, शोल्डर पॅड, एल्बो पॅड, शिन गार्ड, पॅडवाली पँट, ग्लोव्हज, स्टिक, माउथगार्ड, पेल्विक गार्ड आणि हे सगळं मावेल एवढी बॅग. पुण्यात फोन करून विचारलं तर सगळं नवीन घेतलं तर पन्नास हजाराच्या पुढं जातंय म्हणे, त्यात प्रवास आणि कॅम्पची फी वेगळी. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहेत, मी घरी शिलाई करते. तिला नाही म्हणायचं नाहीये, पण एकदा पाठवून पुढच्या वर्षी झेपलं नाही म्हणून बंद करायचं असंही नको.

रोलरचं कुठलं सामान बर्फावर चालतं? जुनं काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये? स्केट्सना धार लावावी लागते म्हणतात, मिस्टर म्हणतायत आमच्याकडं सरफेस ग्राइंडर (लोखंड सपाट घासायचं मशीन) आहे, मी लावून देतो, तर ते चालेल का? आणि सर म्हणतायत ही घाबरत नाही, हिला गोलकीपर करू, तर त्याचा खर्च वेगळा असतो का? प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

साताऱ्याचा_पालक

ताई, आधी एक श्वास घ्या, यादी दिसते तेवढी भयानक नाही. माझा मुलगा साताऱ्यात रोलर खेळतो आणि बर्फावरही जाऊन आलाय, म्हणून सांगतो.

रोलरचे एल्बो पॅड, शिन गार्ड, ग्लोव्हज हे हॉकीचेच असतील, म्हणजे साध्या स्केटिंगचे गुडघ्याचे पॅड नाहीत, तर बिनधास्त वापरा. शिन गार्ड गुडघ्यासकट पूर्ण नडगी झाकणारं पाहिजे, फुटबॉलचं चालत नाही. शोल्डर पॅड रोलरला बरेच जण घालत नाहीत, ते लागेल, पण ते जुनं घेतलं तरी काही बिघडत नाही. पँटचं पण तसंच. स्टिक आहे ती नेऊ नका असं म्हणेन, कारण आपल्याकडं सिमेंटवर खेळून स्टिकच्या पात्याची खालची कड झिजलेली असते. कॅम्पला साधी लाकडी स्टिक पुरते. कॉम्पोझिट (कार्बन फायबरच्या) स्टिकचे भाव ऐकून लोक घाबरतात पण या वयात तिचा काही फायदा नाही, उलट कडक स्टिक दिली तर पोरांना ती वाकवताच येत नाही आणि शॉट उठत नाही. साधारण हिशोब असा की वजन पौंडात धरायचं आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास फ्लेक्स, म्हणजे स्टिकच्या कडकपणाचा आकडा, घ्यायचा, म्हणजे 35 किलोच्या पोरीला चाळिशीच्या आतबाहेर. स्टिक वरून कापली की ती अजून कडक होते हेही लक्षात ठेवा, त्यामुळं मोठ्यांची स्टिक कापून द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पैसे घालायचे ते तीन गोष्टींत. हेल्मेट, नेक गार्ड आणि स्केट्स. हेल्मेट जुनं घेऊच नका, आतला फोम किती मार खाऊन बसलाय ते बाहेरून कळत नाही. अमेरिकेतल्या हेल्मेटवर तर सर्टिफिकेशनचं स्टिकर असतं आणि त्याला मुदत असते, साडेसहा वर्षं. नेक गार्डचं तर बोलायलाच नको, ऑक्टोबर 2023 ला इंग्लंडमधे शेफिल्डला ॲडम जॉन्सन नावाचा खेळाडू सामन्यात गळ्याला स्केटचं ब्लेड लागून मरण पावला, त्यानंतर जगभर नियम कडक झाले. कट रेझिस्टंट कापडाचंच घ्या, नवीन घ्या. तुम्ही शिलाई करता म्हणून सांगतो, जर्सी, बॅग, पॅडचे सैल झालेले वेल्क्रो हे सगळं घरी करा, त्यात चांगले पैसे वाचतात, पण नेक गार्ड घरी शिवायचं नाही. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा, तो कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

आणि सगळ्यात आधी सरांना विचारा की कॅम्पला स्केट्स आणि पॅड भाड्यानं किंवा उसने मिळतात का. हे विचारल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. पहिल्या वेळी भाड्याचे स्केट्स घालून पोरगी आवडीनं खेळते का बघायचं, मग घ्यायचे.

मिरजकर_ब्रॅम्प्टनात

वाचून लै बरं वाटलं, मिरज-सांगलीत आईस हॉकीची चर्चा! मी मूळचा मिरजेचा, आता कॅनडात आहे, दोन्ही पोरं खेळतात.

पहिली गोष्ट, इथंही हा खेळ महागच आहे, त्यामुळं तुम्हाला जड जातंय यात वेगळं काही नाही. इथं रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, एक तास भाड्यानं घ्यायचा तर दोनशे-तीनशे डॉलरच्या घरात जातो आणि तो सगळ्या टीमनं वाटून घ्यायचा असतो, म्हणून फी वाढते. मोहल्ल्याच्या हाउस लीगला खेळवलं तर परवडतं, ट्रॅव्हल टीमला घातलं की हॉटेल, पेट्रोल, टूर्नामेंट धरून आकडा हजारोंत जातो. म्हणून इथले आईबाप जुनं सामान सर्रास घेतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पोरं वर्षात वाढतात, स्केट्स एक सीझन वापरून विकायला येतात, अर्ध्या किमतीत आणि कधी त्याहून कमी.

जुने स्केट्स घेताना काय बघायचं ते सांगतो. घोट्याजवळचं बूट दोन्ही बाजूंनी आत दाबून बघा, सहज घडी पडली तर ते मेलेले आहेत, सोडून द्या. ब्लेडचं स्टील किती उरलंय बघा, सारखी धार लावून ते कमी होत जातं. तळाचे रिव्हेट गंजलेत का, ब्लेड धरणारा होल्डर हलतोय का तेही बघा. साइज रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर कमी लागते, ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे घेऊ नका, घोटा सुटतो आणि पोरगं शिकतच नाही.

तुमच्या मिस्टरांना नमस्कार सांगा पण सरफेस ग्राइंडरवर ब्लेड चढवू देऊ नका. ब्लेडचा तळ सपाट नसतो, मधे लांबीनं गोल खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा, त्या कडांवर पोरगी वळते आणि थांबते. खोबणीची त्रिज्या साधारण अर्धा इंच असते, त्यासाठी ग्राइंडिंग व्हीलच डायमंडनं घासून त्या गोलाईत आणतात (ड्रेस करतात). सपाट घासलं की दोन्ही कडा गेल्या. शिवाय ब्लेड पुढून मागं थोडं वक्र असतं, तेही बिघडेल. टूलरूमचा माणूस आहे म्हणजे त्यांना हे लगेच कळेल, पुढंमागं जिग (ब्लेड पकडायचा साचा) बनवून जुन्या ब्लेडवर हात बसवला तर सांगलीतल्या सगळ्या पोरांचं भलं होईल, पण पहिल्या जोडीवर प्रयोग नको. नवीन स्केट्स सुद्धा बऱ्याचदा धार न लावताच येतात, तर कॅम्पला पोचल्यावर पहिल्याच दिवशी धार लावून घ्या. खेळून झालं की ब्लेड कोरडं पुसायचं, फरशीवर ब्लेडच्या कव्हरशिवाय (गार्डशिवाय) पाऊल टाकायचं नाही, एवढं केलं तर धार बरेच दिवस टिकते.

गोलकीपरचं म्हणाल तर पायाचे पॅड, हातातले ब्लॉकर आणि कॅचर, छातीचं पॅड, मास्क, स्केट्स सगळं वेगळं आणि सगळं कितीतरी महाग. पोरांच्या लेव्हलला इथं बरेच क्लब गोलकीपरचं सामान स्वतः देतात कारण नाहीतर कुणी उभंच राहणार नाही. तिकडंही तसं मिळत असेल तरच हो म्हणा. स्वतः विकत घेऊन गोलकीपर करायचं हे माझ्या मते या घडीला नको.

कोणी नातेवाईक इकडून येणार असेल तर जुने स्केट्स बॅगेतून आणायला सांगा, कुरिअरनं मागवले तर पाठवणावळ आणि कस्टम धरून स्वस्ताईच संपते.

गोवा_एक्सप्रेस

प्रवासाचं मी सांगतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी डेहराडून आणि लेहचा हिशोब वेगवेगळा करावा. थंडीत लेहला विमानाशिवाय पर्याय धरू नका, आणि हॉकीची भरलेली बॅग एकटीच बारा-पंधरा किलोची होते, कपडे त्याच्यावर, म्हणजे जादा सामानाचे पैसे आलेच. शिवाय लेह साडेतीन हजार मीटरवर, पहिले दोन दिवस पोरांना नुसतं आराम करू द्यायचा, त्या मुक्कामाचा खर्च लोक धरत नाहीत. डेहराडूनला मात्र सांगलीतून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन आणि तिथून पुढं ट्रेन, बॅगेचं टेन्शन नाही. तिथलं हिमाद्री रिंक 2011 ला बांधलेलं, मधे कितीतरी वर्षं बंद पडून होतं, 2025 ला परत सुरू झालं. कृत्रिम बर्फ आहे त्यामुळं लेहसारखं डिसेंबर-फेब्रुवारीवर अडून नाही. पण तारखा सरांकडून लेखी आल्याशिवाय तिकीट काढू नका. पहिल्याच वेळी मी असतो तर डेहराडून म्हटलं असतं.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, धारेचं ऐकून ते कागदावर चित्र काढत बसलेत.

सरांशी बोलले. कॅम्पला गोलकीपरचं सामान तिथलंच मिळतं, पण मी सांगितलं की यंदा तिला साधं खेळू दे. स्केट्स थोडे भाड्यानं आहेत पण साइज मिळेलच असं नाही म्हणाले, म्हणून तेवढे घ्यावे लागतील. हेल्मेट आणि नेक गार्ड नवीन घेणार, पँट आणि शोल्डर पॅड क्लबमधल्या मोठ्या मुलीकडून मिळतायत, पट्ट्या मी नव्या लावते. तीन-चार आयांनी मिळून एक विचार काढलाय की पोरांचं लहान झालेलं सामान क्लबमधेच एका पेटीत ठेवायचं आणि पुढच्याला द्यायचं, हे आधीच का नाही केलं असं सगळ्यांनाच वाटलं.

मिरजकर दादा, एकच विचारायचं राहिलं. नणंदेचा मुलगा दिवाळीला टोरांटोहून येतोय, त्याला जुने स्केट्स आणायला सांगते, पण पोरगी तिथं नाही तर माप कसं कळवायचं?

मिरजकर_ब्रॅम्प्टनात

बुटाचा नंबर पाठवू नका वहिनी, कंपनीगणिक फरक पडतो. संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो, तिला पातळ मोजा घालून भिंतीला टाच लावून कागदावर उभी करा, दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमधे लिहा, मोठा पाय धरा. दिवाळीपर्यंत वाढेल म्हणून तो निघायच्या आठवडाभर आधी परत मोजा. इथल्या दुकानात मापावरून साइज काढून देतात. आणि त्याला सांगा, पैसे देण्याआधी घोटा दाबून बघ आणि निघायच्या आधी इथंच धार लावून घे, आठ-दहा डॉलरचं काम आहे.