घरच्या ड्राफ्ट बिअरसाठी ‘प्लग लावा आणि प्या’ यंत्रच घ्यावं? मला अजिबात पटत नाही

तळघरवाला (न्यू जर्सी)

गेल्या आठवड्यात इथेच एका सदस्याने लिहिलं होतं, "घरी ड्राफ्ट (नळाच्या) बिअरची हौस असेल तर सहा लिटरच्या केगचं, म्हणजे बिअरच्या पिंपाचं, तयार यंत्र घ्या. प्लग लावा, केग ठेवा, प्या. केजरेटर (केग ठेवायचा नळवाला फ्रिज), गॅसचा सिलिंडर, नळ्या हे बारवाल्यांचे उद्योग आहेत, घरात त्यांचं काय काम?" त्याखाली सगळ्यांनी "अगदी बरोबर" म्हणून माना डोलावल्या. वाचून राग आला, कारण या सल्ल्यावर विसंबून कोणीतरी पैसे घालणार आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

अशा यंत्रात बाहेरचा केग बसत नाही. परफेक्टड्राफ्ट यंत्राला त्याचेच 6 लिटरचे केग लागतात, हायनेकेनच्या 'सब'ला 2 लिटरचे टॉर्प नावाचे केग, 'ब्लेड'ला 8 लिटरचे केग. एकाचा दुसऱ्यात जात नाही. म्हणजे यंत्र घरात आलं त्या दिवशीच पुढची बिअर कोणाकडून, कुठली आणि काय भावाने घ्यायची हे ठरून गेलं. उद्या कंपनीने त्या मापाचे केग बंद केले, तर यंत्र ठणठणीत असूनही भंगारात जाणार.

केजरेटरचं तसं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक केगना डी कपलर (केगला नळी जोडणारा तुकडा) चालतो, युरोपातल्या बऱ्याच बिअरना एस लागतो, गिनेसला यू. कपलर बदलला की झालं. आमच्याकडे एक लहान ब्रुअरी आहे, तिथून मी सिक्स्थ बॅरल आणतो. 19.5 लिटर, म्हणजे 12 औंसांचे 55 ग्लास. ती बिअर कुठल्याही बंदिस्त यंत्रात कधीच येणार नाही. तापमान 38 अंश फॅरनहाइट, दाब 10 ते 12 पीएसआय. एकदा जमलं की हात लावावा लागत नाही. घरी कार्यक्रम असला तर त्याच फ्रिजमध्ये 58.7 लिटरचा हाफ बॅरलही बसतो.

ज्याला बिअरची चव कळते त्याने स्वतःला एका कंपनीच्या दावणीला बांधून घेऊ नये.

हॅरोकर

चव कळण्याचा आणि तळघर असण्याचा काय संबंध, ते आधी सांगा. मी लंडनला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. घरात पिणारे दोघं, तेही शुक्रवार-शनिवार. सहा लिटर म्हणजे साडेदहा पाइंट. केग लावल्यावर 30 दिवस बिअर ताजी राहते, यंत्र ती 3 अंश सेल्सियसला धरून ठेवतं. आमचा केग त्याआधीच संपतो. तुमचे 55 ग्लास आम्ही दोघं कधी संपवायचे?

दुसरं, तुम्ही नळी धुण्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशनच सांगते की ड्राफ्टच्या नळ्या दर 14 दिवसांनी कॉस्टिकने धुवाव्यात आणि तीन महिन्यांनी ॲसिडने, कारण आत बिअरस्टोनचा, म्हणजे क्षारांचा कडक थर बसतो. घरी किती जण हे करतात? माझ्या मावसभावाकडे टेक्सासला असाच देखणा केजरेटर आहे. त्याने कौतुकाने ग्लास हातात दिला आणि पहिल्या घोटाला लोण्याचा वास. नळीत जंतू वाढले की डायॲसिटिल तयार होतं, त्याची ती चव. त्याला वाटत होतं बिअरच तशी आहे.

माझ्या यंत्रात प्रत्येक केगबरोबर नवी नळी येते. केग संपला की नळीही गेली. सिलिंडरही नाही, कारण केगच्या आत पिशवी असते आणि यंत्र पिशवीबाहेर हवा भरून ती दाबतं, बिअरला हवा लागतच नाही. एक गैरसोय मान्य करते, न गारवलेला केग यंत्रात ठेवला तर थंड व्हायला अर्धा दिवस सहज जातो. आम्ही पुढचा केग आधीच फ्रिजमध्ये ठेवतो.

मैलभर उंचीवर (डेन्वर)

तळघरवाल्यांच्या बाजूने आहे, पण "एकदा जमलं की हात लावावा लागत नाही" हे धाडसी विधान आहे. दुकानातून आणलेल्या बऱ्याच केजरेटरमध्ये 3/16 इंच व्यासाची जेमतेम पाच फूट नळी असते. 12 पीएसआयला एवढ्या आखूड नळीतून बिअर सुसाट येते आणि ग्लासात निम्मा फेस. लोक घाबरून दाब कमी करतात, मग चार दिवसांत बिअर मवाळ होते. उपाय उलटा आहे. दाब तसाच ठेवायचा आणि नळी दहा फुटांची करायची, म्हणजे घर्षणाने वेग मोडतो. आमच्या गावाची उंची 5,280 फूट, म्हणून दर 2,000 फुटांना एक पीएसआय या हिशेबाने इथे अडीच-एक पीएसआय वर धरावे लागतात. हे कुठल्याही माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर नसतं.

आणि सिलिंडर! नवा कोरा, चकचकीत ॲल्युमिनियमचा पाच पौंडी सिलिंडर विकत घ्यायचा, पहिल्यांदा भरायला नेला की दुकानदार तो ठेवून घेतो आणि खरचटलेला, रंग उडालेला हातात देतो. वर त्याच्या दाबचाचणीची तारीख संपत आलेली. दर पाच वर्षांनी ती चाचणी लागते, तिचा खर्च आपल्या माथी. आमच्याकडच्या एका दुकानाने हे माझ्याशी केलं तेव्हा मी काउंटरवर वाद घातला होता. ज्यांना सिलिंडर घ्यायचाय त्यांनी जुनाच घ्या आणि अदलाबदलीला न्या. नवा घेतलात तर तोच भरून देणारं दुकान शोधा.

तरीही केजरेटरच. मी घरी बिअर बनवतो. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली म्हणून अमेरिकेत हे उजळ माथ्याने करता येतं. माझी बिअर पूर्वी सोडा सिरपसाठी वापरायचे त्या पाच गॅलनच्या कॉर्नी केगमध्ये जाते. सहा लिटरच्या बंदिस्त यंत्रात ती कशी घालू?

इसारकाठी (म्युनिक)

दोन्ही बाजू विकत घेण्यावरच का अडल्यात? आमच्याकडे पेयांच्या दुकानात नळासकट शीतयंत्र दिवसाच्या भाड्याने मिळतं आणि 30 लिटरचा केग अनामत भरून आणायचा. दुसऱ्या दिवशी सगळं परत. चार-पाच जण असतील तर पाच लिटरचा पत्र्याचा डबा, खाली नळ, वर झडप, बस्स. झडप उघडली की हवा आत जाते, म्हणून तो त्याच संध्याकाळी संपवायचा. तुम्ही अमेरिकेत पार्टीला केगवर हवा भरायचा हातपंप लावता, त्याचंही तेच, दुसऱ्या दिवशी ती बिअर ओतूनच द्यावी लागते.

आणि डेन्वरकर, फेस आला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे कोणी सांगितलं? निम्मा ग्लास नको हे खरं, पण दोन-तीन बोटं फेस हवाच. त्यात हॉप्सचा गंध अडकलेला असतो. ग्लास आडवा धरून, काठोकाठ, फेस न येऊ देता भरलेली बिअर पोटात जाऊन फुगते.

परमिटरूम (पुणे)

फेसाबद्दल बोलायचंच तर मी बोलणार. 2009 साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून पुण्यात ड्राफ्ट बिअर पितोय. हल्ली कुठेही जा, अर्धा लिटर म्हणून पैसे घेतात आणि वरची तीन बोटं फेस. विचारलं तर "सर, असंच सर्व्ह करतात" असं उत्तर. मागे एका ठिकाणी मी ग्लास टेबलावर तसाच ठेवला, फेस बसू दिला आणि मॅनेजरला दाखवला. ग्लास चांगला दोन इंच रिकामा होता. पैसे बिअरचे दिलेत, फेसाचे नाहीत. आम्ही 650ची बाटली आडव्या ग्लासात ओतून शेवटचा थेंबही मोजून घेणारी माणसं आहोत आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

इसारकाठी (म्युनिक)

तुमचं भांडण मापाशी आहे, फेसाला बदनाम करू नका. इथे ग्लासावर मापाची रेषा कायद्याने असते. बिअर रेषेपर्यंत, फेस रेषेच्या वर. एक लिटरच्या मगालाही रेषा असते आणि ऑक्टोबरफेस्टला मग कमी भरतात यावर लक्ष ठेवणारी संघटनाच या शहरात आहे. तुम्ही लबाड हॉटेलवाल्याचा राग बिअरवर काढताय.

हॅरोकर

आणि आमच्याकडे काठोकाठच्या ग्लासात फेस पाइंटमध्येच धरला जातो. निदान 95 टक्के तरी द्रव असावा, अशी धंद्यातली मार्गदर्शक सूचना आहे. म्हणजे परमिटरूम म्हणतात ते सगळंच चूक नाही. पण फेसाची इतकी आवड असेल तर इसारकाठींनी फेसच प्यावा. प्रागला तसे ग्लास खरंच देतात.

इसारकाठी (म्युनिक)

देतात, त्याला 'म्लीको' म्हणतात, मी प्यायलोय आणि उत्तम लागतो. माहीत नसलेल्या गोष्टीवर टोमणे मारू नका.

परमिटरूम (पुणे)

प्रागला काय देतात ते पुण्यात कशाला ऐकवता? चार वर्षं बाहेर राहिलं की लोकांना इथे सगळेच अडाणी दिसायला लागतात.

तळघरवाला (न्यू जर्सी)

धागा केगचा आहे. तरी फेसावर एक सांगतो, कारण घरच्या नळाचे निम्मे प्रश्न तिथेच असतात. पहिलं, पाहुणे नळ हळूच अर्धा उघडतात. तसं केलं की फेसच येणार. दांडा एका झटक्यात पूर्ण उघडायचा. दुसरं, फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास नको, बर्फाच्या कणांवर फेस उसळतो. तिसरं, पहिल्या ग्लासला फेस येतो तो बहुतेकदा फ्रिजवरचा, नळ बसवलेला स्तंभ गरम असल्यामुळे. आतला गार वारा स्तंभात सोडणारा छोटा पंखा बसवा. आणि भजी-चकल्या खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावले की फेस बघता बघता विरतो, मग लोक म्हणतात बिअरच शिळी आहे. तेलाने फेस मरतो. ग्लासात भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तरी तेच.

हॅरोकर, नळी मी दर केगनंतर धुतो. पंप, बादली, कॉस्टिक, पुन्हा पाणी, वीसेक मिनिटांचं काम. मावसभाऊ आळशी असेल तर त्यात केजरेटरचा दोष नाही.

हॅरोकर

दर केगनंतर म्हणजे किती दिवसांनी? 55 ग्लास 14 दिवसांत संपतात का तुमच्याकडे?

दोन पोरांची आई (शिकागो)

कोणीच विचारलं नाही ते मी विचारते. घरात शाळेतली मुलं असताना जमिनीपासून चार फुटांवर बिअरचा नळ लावायचा? माझ्या दिरांनी हौसेने लावला. आधी बाटली उघडायची तर फ्रिजपर्यंत जायचं, उघडायची, ती संपली की थांबायचं. नळ आल्यावर ग्लास कधी रिकामा झालाच नाही, कारण किती झाली हे मोजायला बाटल्याच समोर नसतात. "केग खराब व्हायच्या आत संपवायला हवा" म्हणून मंगळवारी, बुधवारीही ग्लास भरला जायला लागला. जाऊबाईंनी शेवटी तो विकायला लावला. तुम्ही पीएसआय आणि कपलर बोलताय, मला हे आठवतं.

शिवाय बंद तळघरात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. मुलं खालीच खेळतात.

तळघरवाला (न्यू जर्सी)

ताई, दिरांची गोष्ट वाईट वाटली, पण माणसाला थांबता येत नसेल तर बाटलीही त्याला थांबवत नाही. नळाला किल्लीचं कुलूप मिळतं, माझ्याकडे आहे. सिलिंडरजवळ गळती ओळखणारा अलार्मही आहे.

दोन पोरांची आई (शिकागो)

कुलूप आणि अलार्म तुम्ही आत्ता, मी विचारल्यावर सांगितलेत. वरच्या एवढ्या मोठ्या लेखात दोन्ही नव्हते. हे वाचून केजरेटर घेणाऱ्याच्या घरी मुलं असली तर?

परमिटरूम (पुणे)

तळघरवाल्यांचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. भावाने परदेशातून येताना असलंच तयार यंत्र हौसेने आणून दिलं. आपल्या 230 व्होल्टवर व्यवस्थित चालतं, गारही करतं. पण त्यात बसणारा केग मला पुण्यात मिळाला नाही, मुंबईतही नाही. एक ओळखीचा म्हणाला, "रिकाम्या केगमध्ये भरून देतो". तो केग एकदाच भरायच्या पिशवीचा असतो, त्यात काय भरणार? यंत्र माळ्यावर आहे. बाहेरून कोणी आणणार असेल तर आधी केग कुठून मिळणार हे विचारा.

सहालिटरी

तो मूळ सल्ला माझा. इतकं रागावण्यासारखं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही. मी फ्लॅटमधल्या माणसाला सांगत होतो, ब्रुअरीशेजारी राहणाऱ्याला नाही. परमिटरूम यांची अडचण खरी आहे, पण जिथे केगच विकत नाहीत तिथे यंत्र नेलं, यात यंत्राचा काय दोष? आमच्याकडे लंडनला रिकामा केग परत केला की 5 पाउंड मिळतात, नवा घरपोच येतो.

डेन्वरकरांनी पाच फूट नळी, उंचीचा हिशेब, दाबचाचणी हे सगळं लिहिलंय ते केजरेटरच्या बाजूने आहे की माझ्या?

मैलभर उंचीवर (डेन्वर)

नळी एकदाच बदलायची असते. तुम्ही दर केगला कंपनीच्या भावाने पैसे मोजता, ते कायमचं.

तळघरवाला (न्यू जर्सी)

सहालिटरी, तुमच्या मूळ सल्ल्यात "फ्लॅटमधल्या माणसाला" हे शब्द कुठेही नव्हते. असते तर मी हा धागा काढलाच नसता. दोघं पिणारे, जागा नाही आणि केग दारात येतो, एवढं सगळं जुळत असेल तर घ्या तुमचं यंत्र, माझी हरकत संपली. पण ज्याला वेगवेगळ्या ब्रुअरींची बिअर हवी आहे आणि गॅरेजमध्ये फ्रिजएवढी जागा आहे, त्याला हे सुचवू नका. आणि हॅरोकर, आमच्याकडे सिक्स्थ बॅरल महिनाभर पुरतो. त्यामुळे नळी मध्ये एकदा धुवायला हवी हे तुमचं म्हणणं ठेवून घेतो.

हॅरोकर

मावसभावालाही कळवते.

परमिटरूम (पुणे)

तुमचं मिटलं असेल तर इसारकाठींनी एवढं सांगावं. पुण्यातल्या ज्या ग्लासावर रेषाच नाही, त्यात दोन बोटं फेस आला तर ग्राहकाने ते पैसे कोणाकडे मागायचे?