१२५ सीसीत १०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० टाकावं का?

रोजचा_हिंजवडी:
कोथरूड ते हिंजवडी रोज जाणं-येणं. बाइक १२५ सीसी, ३८,००० किमी झालेत. सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर हेडमधून टकटक येते. मेकॅनिक म्हणतात, पुण्याच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० आहे. जाड ऑइलने झीज खरंच कमी होते का? २,५०० किमीत ऑइलही साधारण १०० मिली घटतं.

फीलर_गेज:
आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, बघा. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला), फट मोजायच्या फीलर गेजची पाती पुस्तिकेतल्या मापाची. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. गॅप वाढली की रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर आपटतो, तीच टकटक. जाड ऑइलने आवाज दबतो, आपटणं थांबत नाही.

३० ग्रेडची (१०डब्ल्यू-३० मधला दुसरा आकडा) व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ५० ची १६.३ ते २१.९. हे आकडे १०० अंशांवरच मोजतात, त्यामुळे बाहेर ४० अंश आहेत म्हणून ३० ग्रेडचं पाणी होत नाही. खरी झीज सकाळची. रात्रभरात ऑइल खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाशी) उतरतं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर नुसता ओलावा उरतो. जाड ऑइल वर पोचायला वेळ लावतं, तोवर धातूवर धातू घासतो. म्हणून थंड इंजिन कधीही रेस करू नका.

कात्रज_उतार:
ऑइल घटतंय ते जास्त महत्त्वाचं. कात्रज घाट गिअरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरा. मागच्या गाडीवर कुणीतरी बघणारं हवं. खाली थ्रॉटल देताच निळ्या धुराचा एकच भपका आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, कारण इनटेकमधलं व्हॅक्यूम व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल ओढतं. चढावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. दोन्हींवर ग्रेड बदलणं हा इलाज नव्हे.

एअर फिल्टरच्या रबर बूटला चीर आहे का तेही पाहा. उकरलेल्या रस्त्यांची धूळ तिथून आत गेली की ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेस्टसारखी रिंगा खाते.

रोजचा_हिंजवडी:
घरी कारचं ऑइल उरलंय. ते १०डब्ल्यू-४० आहे, चालेल?

फीलर_गेज:
कारचं अजिबात नको. त्यात घर्षण कमी करणारे फ्रिक्शन मॉडिफायर असू शकतात आणि तुमच्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, प्लेटा घसरतील. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) हवं. १०डब्ल्यू-४० पुस्तिकेच्या तक्त्यात असेल तरच टाका.

बदलताना इंजिन पाच मिनिटं चालवा, गाडी मेन स्टँडवर घ्या, ड्रेन बोल्टला वॉशर नवा. पुस्तिकेत दोन मापं असतात, इंजिन उघडल्यावरचं आणि नुसतं ऑइल बदलतानाचं. दुसरं धरा. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. दर ५०० किमीला डिपस्टिक बघा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. फिरवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.